वस्तीत शिधा द्यायचाय? आधी रेशनकार्ड बघा, मग किट भरा

गणपतीनंतर वर्गणी उरली किंवा मंडळातल्या कोणी ऑफिसमधून सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या समाजकामाच्या निधीतले, थोडे पैसे जमवून दिले की पहिली आयडिया हमखास हीच येते, गरजूंना किट वाटूया. आयडियात वाईट काही नाही. पण दुसऱ्याच दिवशी फ्लेक्सचं डिझाईन सुरू होतं, किटमध्ये काय घालायचं ते होलसेलवाला ठरवतो, कोणाला द्यायचं ते अध्यक्षांच्या ओळखीवर ठरतं, आणि ज्याच्या घरात ते किट जाणार त्याला कोणी एका शब्दाने विचारत नाही. नव्याने सुरू करणारी मंडळं, बचत गट, सोसायटीचे ग्रुप, कॉलेजची पोरं, तुमच्यासाठी हे लिहितेय. डोळ्यासमोर शहरातली वस्ती आहे, पुणे, पिंपरी, ठाणे, नाशिक कुठलीही धरा.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की सरकारी धान्य हा त्या घराचा हक्क आहे, तो आधी मिळवून द्यायचा आणि त्यात जे बसत नाही तेवढंच आपण भरायचं, तेही शेजाऱ्याला कळणार नाही अशा बेताने.

सुरुवात रेशनपासून

अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, कार्डाला घरटी 35 किलो, मग घरात दोन माणसं असोत की सात. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे. म्हणजे चार माणसांच्या प्राधान्य घरात महिन्याला 20 किलो गहू-तांदूळ येतो. आता त्याच घरात तुम्ही 10 किलो तांदूळ आणि 10 किलो आटा नेऊन टाकला तर काय होणार? त्यातला काही कोपऱ्यावरच्या दुकानात विकला जाणार आणि त्या पैशांचं तेल येणार. मग आपलेच कार्यकर्ते नाक मुरडणार, "बघा, यांना दिलं तरी विकतात." अहो विकणारच, कोरडा भात कोण खाईल? डाळ आणि तेल रेशनवर नेहमी मिळत नाही. 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा आला, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल, पण ते सणावारापुरतं.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही वाटू नका, नुसतं घरोघरी फिरून कार्डं बघा. कार्डाच्या रंगावर जाऊ नका. केशरी कार्ड असलं म्हणजे धान्य मिळतंच असं अजिबात नाही, खूप केशरी कार्डं प्राधान्य यादीत नाहीतच. प्राधान्यासाठी शहरात वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत लागतं, ग्रामीण भागात 44,000. हिशेब करा, शहरातली मर्यादा महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि मजुरीसाठी नाक्यावर उभा राहणारा नवरा, दोघांचं मिळून तेवढं कधीच ओलांडलेलं असतं, कागदावर ते "गरीब" नाहीत. वर इष्टांकाची, म्हणजे ठरवून दिलेल्या कोट्याची, भानगड. आपल्या राज्यात ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के लोकांना कायद्याखाली घ्यायचं असं ठरलं तेही 2011 च्या जनगणनेवर, त्यामुळे सगळं बसत असूनही ऑफिसात "इष्टांक भरलाय" हे वाक्य ऐकायला मिळतं. ही जी माणसं कार्ड असून कोरडी राहतात तीच तुमची पहिली यादी.

घरात गेल्यावर बघायचं काय? मेरा राशन ॲपवर त्या कार्डाची किती युनिट, म्हणजे माणसं, दिसतात, पोरांची नावं चढलीयेत का, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावरच आहे का, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालंय का. म्हाताऱ्या माणसांना विचारा, "आजी, अंगठा लागतो का मशीनवर?" हा प्रश्न छोटा वाटतो पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या हातांच्या रेषा पुसट होतात, ई-पॉस मशीन तीन-तीन वेळा नाही म्हणतं, मागे रांग कुजबुजायला लागते आणि आजी पुढच्या महिन्यापासून दुकानात जायचंच सोडते. तिच्यासोबत तुमचा एक कार्यकर्ता दुकानात आणि मग पुरवठा कार्यालयात गेला, अंगठ्याऐवजी दुसरा पर्याय लावून मागितला, तर ते काम दहा किटांपेक्षा मोठं आहे, फोटो येत नाही एवढंच.

बाहेरून आलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. परभणीचं, बीडचं, अगदी बिहारचं कार्ड असलं तरी वन नेशन वन रेशनकार्डमुळे इथल्या दुकानातून त्यांच्या वाट्याचं धान्य उचलता येतं, आणि घरातल्या काहींनी गावी काहींनी इथे असंही चालतं. दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणून परत पाठवत असेल तर 1967 वर तक्रार करायची. आधी नीट बोलून बघा, सगळे दुकानदार वाईट नसतात आणि उद्या तुम्हाला त्यांची गरज लागणारच आहे.

यादी कोणी करायची

नगरसेवकाच्या ऑफिसातली तयार यादी घेऊ नका. वस्तीत कोणाची चूल थंड आहे हे आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला, शाळेतल्या बाईंना आणि किराणावाल्याला माहीत असतं. किराणावाल्याला तर कोणाची उधारी थांबली तेही माहीत असतं. या चार-पाच जणांना वेगवेगळं भेटा, एकत्र मीटिंग लावली की सगळे एकाच माणसाकडे बघून बोलतात.

आधारची झेरॉक्स गोळा करायची सवय पहिल्या दिवसापासून लावूच नका. कशाला पाहिजे ती? ती झेरॉक्स पुढे मंडळाच्या कपाटात, गणपतीच्या मखराखाली पडून राहते, आणि एखाद्याच्या नावावर सिमकार्ड निघालं की मग पळापळ. नाव, घरात माणसं किती, लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का, काय खात नाहीत, फोन कुठल्या वेळेला केलेला चालेल, एवढं एका वहीत पुरे, आणि ती वही एकाच माणसाच्या घरी. कागद नाही म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही. कोविडच्या काळात सप्टेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने देहविक्री करणाऱ्या बायकांना ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा द्या असं राज्यांना सांगितलं होतं. सरकारला कागदाशिवाय जमतं तर मंडळाला न जमायला काय झालं.

एखादं घर खोटं सांगून घेईल, तर घेऊ दे. ते पकडायला जी चौकशी कराल ती बाकी सगळ्यांच्या अंगावर येते. फ्रिज आहे, टीव्ही आहे, मग कसले गरजू, हे बोलणं तर आपल्यात चालूच देऊ नका. फ्रिज हप्त्यावर चांगल्या दिवसांत घेतलेला असतो.

किट, कूपन की शिजवलेलं जेवण

फुटपाथवर, पुलाखाली राहणाऱ्याला किट देऊन उपयोग शून्य, त्याला शिजवलेलंच लागतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे चूल आहे पण सिलिंडर संपलाय असंही असतं, तेव्हा विचारा. बाकी घरांना माझ्या मते सगळ्यात बरं म्हणजे कूपन. वस्तीतल्याच दोन किराणा दुकानांशी बोलायचं, ठराविक रकमेचं कूपन द्यायचं, बाई तिला हवं ते घेणार आणि मंडळ महिन्याच्या शेवटी दुकानदाराला युपीआयने पैसे देणार. बाई रोजच्यासारखी पिशवी घेऊन दुकानात जाते, कोणाला काही कळत नाही, पैसा वस्तीतच राहतो. दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं. एक, कूपनवाल्यांना भाव चढा लावला जात नाहीये ना, त्यासाठी मुख्य दहा वस्तूंचे भाव आधी लिहून घ्या. दुसरं, दुकानदाराने सामानाऐवजी कमिशन कापून रोख देणं. दोन दुकानं ठेवायची ती याचसाठी, एकाने गडबड केली तर बाई दुसऱ्याकडे जाते.

कूपन जमत नसेल आणि किटच करायचं असेल तर ज्यांना रेशन मिळतंय त्यांच्यासाठी धान्य सोडून भरा. चार माणसांच्या घराला मी असं धरते, तूरडाळ दोन किलो, मटकी किंवा चवळी किंवा हरभरा एक किलो, तेल दोन लिटर, शेंगदाणे एक किलो, गूळ नाहीतर साखर, चहा पावडर, मीठ, तिखट, हळद, मोहरी-जिरं, अंगाचा आणि कपड्याचा साबण, आणि पॅड. पॅड वेगळ्या कागदी पिशवीत. चहा-साखरेला चैन म्हणणारे भेटतात, त्यांना दोन दिवस बिनचहाचं राहायला सांगा. ज्यांना रेशनच नाही त्यांच्या किटमध्ये धान्य घाला, पण विचारून, मराठवाड्यातून आलेल्या घराला ज्वारी दिलीत तर त्यांचं खुललेलं तोंड बघा आणि कोकणातल्या घराला तांदूळच द्या. त्याहून सोपं म्हणजे टेबलांवर सगळं मांडा आणि प्रत्येकीला या चार डाळींतल्या कुठल्याही तीन किलो घ्या असं सांगा, वेळ थोडा जास्त जातो पण नको असलेलं कोणी घरी नेत नाही.

तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे मात्र कोणी कितीही प्रेमाने आणून दिले तरी वाटायचे नाहीत. यासाठी 1992 चा कायदा आहे, अनाथालय सोडून कोणाला असे डबे किंवा दुधाच्या बाटल्या दान करता येत नाहीत, कारण फुकटच्या डब्याने आईचं दूध तुटतं आणि डबा संपल्यावर पाणी घालून पातळ केलेलं दूध बाळाला जातं. त्या बाळंतिणीला डाळ, शेंगदाणे, गूळ जास्त द्या आणि अंगणवाडीत नाव घालून द्या, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांचा आहार तिथे हक्काचा आहे.

वर्षभर दर महिन्याला जमत नसेल तर महिने निवडा. लोक दिवाळीत वाटतात, तेव्हा सगळेच वाटतात. खरी ओढाताण मे महिन्यात असते, शाळेला सुट्टी म्हणजे पोरांचं दुपारचं शाळेतलं जेवण बंद, आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये, पावसात बांधकामं थांबतात, नाक्यावरून माणसं रिकामी परत येतात, त्यात जूनमध्ये वह्या-पुस्तकांना पैसे गेलेले असतात.

शिजवलेलं जेवण द्यायचं असेल तर स्वयंपाक बाहेरच्या केटररला देऊ नका. मुंबईत प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणी कामगारांना खाणावळीचं जेवण घालणाऱ्या बायकांना घेऊनच. वस्तीत असे दमदार हात आजही आहेत, बचत गटाला ऑर्डर द्या, पूर्ण मजुरी द्या, "सेवा म्हणून करा ना मावशी" असलं काही बोलू नका. जेवण अगदी फुकट ठेवण्यापेक्षा पाच-दहा रुपये, ज्याला जमेल त्याने डब्यात टाकावे, नाही जमलं तर नाही, हे चांगलं चालतं. शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली तीही दहा रुपयांत, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, आणि तिथे रिक्षावाला, हॉस्पिटलात पेशंटसोबत आलेला माणूस, स्पर्धा परीक्षेचा पोरगा सगळे एका बाकावर बसतात. जेवण सगळ्यांसाठी खुलं असलं की गरीब कोण हे शोधावंच लागत नाही.

वाटपाचा दिवस

रविवारी सकाळी अकरा ही वेळ कार्यकर्त्यांच्या सोयीची असते. घरकाम करणारीची सुट्टी रविवारी नसते, उलट त्या दिवशी काम जास्त. संध्याकाळी साडेसहा ते नऊ ठेवा. टोकनवर वेळ लिहून द्या, अर्ध्या तासात पंधरा घरं, म्हणजे रांगच लागत नाही. बसायला खुर्च्या, प्यायला पाणी. माइक नको. माइक हातात आला की कोणीतरी भाषण करतोच आणि नावं पुकारली जातात. पाहुणे बोलवू नका, पाहुणे उशिरा येतात आणि तोवर बायका ताटकळतात.

टेबलावर बसणारीने काय बोलायचं ते आधी ठरवून घ्या, खरंच घ्या. "या ताई, यातलं काय काय घेताय? तेल शेंगदाण्याचं की सोयाबीनचं? पिशवी आणलीये का, नसेल तर ही घ्या." एवढंच. "तुमचा नवरा काय करतो, पितो का" हे विचारायचं नाही. पिशवी साधी, बाजारात मिळते तसली कापडी, मंडळाचं नाव नको आणि नेत्याचा फोटो तर नकोच. ती पिशवी पुढे सहा महिने त्या बाईच्या हातात दिसते, भाजी आणताना, पोराला शाळेत सोडताना. म्हातारे, अपंग, दिवस गेलेल्या बायका यांच्या घरी पोचवा, पण पाच जणांचा घोळका घेऊन नाही, एकाने जायचं.

रोजे चालू असतील तर इफ्तारच्या वेळेला बोलवू नका. एकादशीला शिजवलेलं जेवण असेल तर साबुदाणा वगैरे थोडं वेगळं ठेवा.

फोटोचं काय

देणगीदाराला पुरावा लागतो, मान्य. त्याला सामानाचा फोटो द्या, बिलं द्या, भरलेल्या टेबलांचा फोटो द्या, किती घरं आणि एकूण खर्च किती ते एका पानावर द्या. घेणाऱ्याचा चेहरा द्यायचा नाही, "परवानगी घेतली होती" हेही चालत नाही, समोर डाळ-तेल ठेवून परवानगी मागितली तर नाही कोण म्हणेल? वर्गातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर आईचा किट घेतानाचा फोटो बघितला म्हणून मुलगा शाळेत जायला तयार नाही, असं आमच्याच भागात एका घरात झालं. त्या घराने पुन्हा कोणाकडूनच काही घेतलं नाही. फोटोशिवाय पैसे देणार नाही असं म्हणणारा देणगीदार असेल तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा, सापडतो.

साठवण आणि शिजवलेल्या अन्नाची काळजी

धान्य जमिनीवर ठेवायचं नाही, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. आधी आलेलं आधी द्या, तारीख बघून. किडीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला ठीक आहे, पण गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या समाजमंदिरात आणूच नका, त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत माणसं दगावतात. स्वतःच्या घरी खाणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही, तारीख उलटलेली बिस्किटं, जाळं झालेला रवा, फुगलेले पाकीट, सगळं परत.

लग्नाच्या हॉलवरून उरलेलं आणायचं असेल तर फक्त पातेल्यातलं, ज्यात कोणाचा हात, ताट लागलेलं नाही. मठ्ठा, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, बासुंदी घ्यायचीच नाही. बाकीचं वाफा येतील इतकं, 60 अंशांच्या वर गरम पाहिजे, बाहेर दोन तासांहून जास्त पडलेलं अन्न सोडून द्या, विशेषतः भात. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं, भातातले काही जंतू विष सोडतात ते पुन्हा उकळून जात नाही. नियमित जेवण करणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होते, आम्ही नफा कमावत नाही हे कारण कायद्यात चालत नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठीचे नियम 2019 मध्ये आलेत, तेही एकदा वाचा.

पैसे आणि कागद

हे पटकन. संस्था नोंदलेली नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, गणपती मंडळांना हे माहीत असतं, कलम 41 क. पावतीपुस्तक नंबर घातलेलं. 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी, असेल तर त्याला आधीच सांगा, 2,000 च्या वर रोख दिली तर सूट नाही, आणि तांदळाची पोती दिली तर त्यावरही सूट नाही. अमेरिकेत, दुबईत असलेला मित्र भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या पैशातून बँकेमार्फत देऊ शकतो, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, त्याच्याकडे मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. याच्यात बऱ्याच भाबड्या संस्था अडकतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की वाटप थांबवा आणि राजकीय माणूस आसपास फिरकू देऊ नका.

समितीत किमान दोन बायका घेणाऱ्या घरांतल्या असू द्या, नावापुरत्या नाही, खरेदीला सोबत नेण्यापुरत्या तरी. डाळ हातात घेऊन, दोन दाणे दाताखाली चावून जुनी की नवी ते त्या सांगतात, आणि भाव पाडून घेण्यात त्यांच्यासमोर आपण कच्चे.

थांबायचं कसं

पहिल्याच दिवशी सांगा, हे सहा महिन्यांसाठी आहे, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. पैसे मध्येच संपले तर एक महिना आधी प्रत्येक घरी जाऊन सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळे होऊ नका, ती बाई त्या तेलावर हिशेब लावून बसलेली असते. आणि शेवटच्या महिन्यात ती वही पुन्हा उघडून बघा, किती घरांची नावं प्राधान्यात चढली, कोणाचा संजय गांधी निराधारचा किंवा श्रावणबाळचा पेन्शनचा अर्ज कुठे अडकलाय, कोणाचा अंगठा अजून लागत नाही. ज्यांचं काम राहिलंय त्यांच्यासाठी दोन कार्यकर्ते आणखी दोन-तीन महिने पुरवठा कार्यालयाच्या आणि तहसीलच्या फेऱ्या मारत राहिले तर पैसे लागत नाहीत, बसभाडं आणि चहा एवढाच खर्च.